मानस

दिवाडीच्या यार्डात अकरा वीसला पाणी भरलं
आणि बोट रुळांवरून आपल्याच वजनाने उतरली.
मॅनेजरने नारळ फोडला, पाद्रीने पाणी शिंपडलं.
मी बॅटरीच्या खणात डोकं घालून होते,
दोन्ही आशीर्वाद पाठीवर पडले.

हिला चाक नाही.
दोर ओढायला कोणी नको.
डोलकाठी आपल्या पायावर फिरते,
काळं शीड ऊन पितं, वाराही धरतं,
आणि पाण्याखालचा पंखा, बोट वाऱ्यावर पळाली की
प्रवाहाकडून स्वतःला फिरवून घेतो
आणि वीज बाजूला टाकतो, भिशीसारखी.
डिझेलची टाकी नाही.
पहिल्या दिवशी मी शोधली होती, सवयीने.

कायतान सुतार एकाहत्तरचा.
बोटीला त्याने दोन फेऱ्या घातल्या, पठाणावरून तळवा फिरवला,
विचारलं, "बसणारा बसणार खंय?"
दातार म्हणाला, "बसायची गरजच नाही, काका."
कायतानने कानामागची पेन्सिल काढली,
टोक पाहिलं, परत ठेवली.

माझा बाप खाजनातल्या मानशीवर असायचा.
भरती आली की तिचं लाकडी दार मिटे,
ओहोटी लागली की उघडे.
ना कळ, ना तार, ना कुणाचा हुकूम.
खारं पाणी खारट जागी, भात भाताच्या जागी.
मग तू काय करतोस, मी विचारलं होतं.
म्हणाला, "दाराला झोप लागते का, बघतो."
रात्री दोनला कंदील घेऊन जायचा.
बिजागरीत ओंडका, फळीवर कालवांचा थर,
एका उधाणाला फुगलेली म्हैस.
दार शहाणं होतं.
म्हैस काढायला चार माणसं लागली.

चाचणीच्या दिवशी आम्ही चौघं, हात मोकळे,
पाहुण्यांसारखे अवघडून बसलेलो.
रायबंदरच्या फेरीबोटीला तिने वाट दिली,
कॅसिनोंच्या जहाजांना लांबून वळसा घातला.
आग्वादच्या दांड्याअलीकडे वारा पडला.
मतलई संपली होती, खारा यायचा होता.
तिने शीड सैल सोडलं.
पडद्यावर एकच शब्द: थांबते.

"मोटर का लावत नाही?" दातारने घड्याळ पाहिलं. "एकसष्ट टक्के आहे की."
आहे म्हणून खर्चायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
(माझ्या आईलाही नाही.)
पाणी तेलासारखं. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.
इतकं रिकामं मी कधी बसले होते, आठवेना.

कायतान म्हणाला, खारा एकला येणार.
ती म्हणाली, बारा सदतीस.
बारा एक्केचाळीसला पाण्यावर पश्चिमेकडून काळी रेघ सरकत आली,
शीड भरलं, आणि खाली पंखा गुणगुणू लागला.
कायतानने टोपी काढली, हसला.
"बायल हुशार आसा," म्हणाला,
आणि वाटभर तिच्याशी बोलत राहिला, आमच्याशी नाही.

परतताना मालारजवळ पंखा अडला.
पडद्यावर आकडे, मग अजून आकडे, मग लाल.
मी सलवार खोचून उतरले.
नायलॉनचं जाळं, त्यात सिमेंटची पोती, एक चप्पल.
पाण्याखाली पातं बोटांना लागलं तेव्हा
बापाच्या हाताचा वास आला मला,
चिखल आणि रॉकेल.

दुसऱ्या सकाळी पाहिलं तर मागच्या कठड्याला
फणसाची एक फळी बसवलेली,
रंधा मारलेली, कडा गोल,
एका माणसापुरती.
नकाशात नव्हती. कुणी कुणाला विचारलं नाही.
दातारने दोनदा हात फिरवला आणि फोनवर बोलत निघून गेला.

बोटीच्या नोंदीत मात्र आलं,
पहाटे पाच बावन्न:
मागे, डावीकडे, दोन किलो तीनशे ग्रॅम जास्त.
कारण अज्ञात.
तोल सावरून घेतला.